जीपखालचा थेंब



आम्ही भाषण करणारे नव्हेत. आम्ही गॅरेजवाले. उदगीरला रस्त्याच्या कडेला आमचं पत्र्याचं शेड आहे. दिवसभर गाडीखाली पाठीवर पडायचं आणि संध्याकाळी काळे हात साबणानं घासत बसायचं, हा आमचा धंदा. तुमच्या रात्रीच्या वर्गाच्या गुरुजींनी निरोप धाडला, "आमच्या वर्गात जीपवाले बरेच आहेत. जुनी गाडी कशी सांभाळावी, चार शब्द सांगा." आम्ही म्हटलं, येतो. कारण आमच्या मनावर एक ओझं आहे. ते आज तुमच्यापुढे उतरवायचं आहे.

जीप आपल्याला नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेसाठी ही गाडी निघाली. महिंद्रा कंपनीनं 1947 साली मुंबईत जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली. तेव्हा आपलं उदगीर निजामाच्या राज्यात होतं. पुढे गाडी इथंच तयार होऊ लागली. पेट्रोलच्या जागी डिझेलची इंजिनं आली. सरकारी खात्यांनी वापरलेल्या जीपा लिलावात निघाल्या आणि गावोगाव पोचल्या. चिखल असो, ओढा असो, जिथं दुसरी गाडी रुतते तिथून जीप निघते. म्हणून शेतकऱ्याला ती आवडते. पण तिचं वय झालेलं असतं. आणि जुन्या गाडीची पहिली खूण कोणती? तिच्याखाली तेलाचा डाग.

सगळे एकच म्हणतात, "जुनी जीप आहे, गळायचीच." आम्हीही तसंच म्हणत होतो. त्याचं काय झालं, ते ऐका.

एका उताराची गोष्ट

काही वर्षांमागची गोष्ट. जवळच्या एका खेड्यातल्या तीन घरांनी मिळून एक जुनी जीप घेतली. सकाळी दुधाच्या घागरी, पेरणीला खताची पोती, बाजाराला माणसं, आणि रात्री-अपरात्री कुणी आजारी पडलं तर उदगीरचा दवाखाना. सगळ्या गावाला त्या जीपचा आधार झाला. चालवणारे एक दादा होते. हात चांगला. दारूचं व्यसन नाही. गाडी पोटच्या पोरासारखी पुसायचे.

एक दिवस दादा आमच्याकडे आले. म्हणाले, "ब्रेक जरा खाली जायलाय. तेल कमी झालंय वाटतं, बघा की."

आम्ही झाकण उघडलं. तेल कमी होतंच. बाटली फोडली, तेल भरलं, पायानं ब्रेक दाबून पाहिला. ब्रेक कडक लागला. आम्ही म्हणालो, "झालं काम. जावा."

पैसेसुद्धा घेतले नाहीत. आम्हाला वाटलं, आपण उपकार केला. पण एक प्रश्न आम्ही विचारला नाही. ते तेल गेलं कुठं?

त्यानंतर अठरा दिवसांनी जीपमध्ये आठ माणसं होती. बालाघाटाच्या उतारावर दादांनी ब्रेक दाबला. पाय थेट खाली गेला. पुन्हा दाबला, पुन्हा खाली. हँडब्रेक ओढला. पण त्या जीपचा हँडब्रेक मागे जाणाऱ्या शाफ्टवर होता, आणि तिथं दुसऱ्याच गळतीचं गिअर ऑइल पसरलेलं होतं. तोही घसरला. दादांनी डोकं शांत ठेवलं. गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली आणि रस्ता सोडून नांगरलेल्या काळ्या रानात घातली. जीप ढेकळांतून उसळत बांधाला जाऊन अडकली.

जीव कुणाचा गेला नाही. पण म्हाताऱ्या मावशींचा हात मनगटात मोडला. त्यांच्या घरी दोन म्हशी. मावशी एकट्याच धार काढायच्या. दोन महिने ती धार शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काढली. शेवटी एक म्हैस विकावी लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही उजवं मागचं चाक उघडलं. चाकात एक छोटा सिलिंडर असतो. त्याच्या रबराची कड फाटली होती. आत सगळं ओलं होतं. टायरच्या आतल्या बाजूला ओघळ सुकून काळा झाला होता. तो ओघळ एका दिवसाचा नव्हता.

मग आम्ही पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदारानं उधारीची वही काढली. दादांच्या नावावर पाच आठवड्यांत ब्रेक ऑइलच्या तीन बाटल्या लिहिल्या होत्या. म्हणजे पाहा, दुकानदारानं लिहिलं होतं. आम्ही एकदा भरलं होतं. दादांनी तीनदा ओतलं होतं. प्रत्येकाला थोडं थोडं ठाऊक होतं. पण कुणी ते एका जागी मांडून वाचलं नव्हतं. वाचलं असतं तर मावशींचा हात वाचला असता.

ती चूक आमची होती. दादांच्या अगोदर आमची. म्हणून आज सांगायला आलो.

गाडीत काय काय वाहतं?

बैलगाडीला एकच वंगण लागतं. आखाला घातलं की झालं. जीपमध्ये पाच-सहा प्रकारची तेलं आणि पाणी असतं. ज्याचं त्याचं काम वेगळं. गळतीही वेगळी. डाग दिसला की आधी ओळखायचं, हे कशाचं आहे?

पहिलं, इंजिन ऑइल. वापरलेलं असेल तर काळं, बोटाला गुळगुळीत. याचा डाग गाडीच्या पुढच्या भागाखाली, इंजिनाच्या खाली पडतो.

दुसरं, गिअर ऑइल. हे जाड असतं. चिकट धार सुटते. याला उग्र, गंधकासारखा वास येतो. एकदा वास घेतला की जन्मभर विसरत नाही. हे गिअरबॉक्समध्ये असतं, फोर व्हीलच्या गिअरबॉक्समध्ये असतं, आणि पुढच्या-मागच्या आखाच्या मध्ये जो फुगीर गोळा असतो त्यातही असतं.

तिसरं, ब्रेक ऑइल. पातळ, फिकट पिवळं. जुनं झालं की तपकिरी होतं. हे रंग खातं. पत्र्यावर सांडलं तर रंग फुगून निघतो. चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ दिसला तर आधी याचाच संशय घ्यायचा.

चौथं, डिझेल. याचा वास सांगायला नको. डिझेल गळतं तिथं धूळ चिकटते आणि ओला चिखल धरतो.

पाचवं, रेडिएटरचं पाणी. नुसतं पाणी असेल तर वाळून जातं. त्यात कूलंट असेल तर हिरवा किंवा गुलाबी रंग दिसतो. इथं एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. बहुतेक कूलंट विषारी असतं, आणि चवीला गोड. कुत्रं, वासरू, लहान लेकरू, कुणीही चाटेल. कूलंट सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. उघड्या टोपल्यात, भांड्यात ठेवू नका. आणि कुठलंच तेल किंवा कूलंट तोंडात घालून ओळखू नका.

ओळख पटत नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. फुटक्या वाटीत किंवा करवंटीत पाणी घ्या. गळतीचा थेंब त्यात टाका. इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि डिझेल पाण्यावर तरंगतं, तवंग धरतं. नेहमीचं ब्रेक ऑइल आणि कूलंट पाण्यात मिसळून जातं. चाकाजवळचा थेंब पाण्यात मिसळला, तर समजा ब्रेकचं तेल गळायलंय. मग ती वाटी पुन्हा घरात आणू नका.

गळती शोधायची कशी?

आमच्याकडे लोक येतात आणि म्हणतात, "इथं ओलं आहे, इथलं पॅकिंग बदला." पॅकिंग बदलतो. चार दिवसांनी पुन्हा ओलं. का? कारण तेल जिथं दिसतं तिथून ते निघालेलं नसतं. घराचं छप्पर गळतं तेव्हा पाणी वाशावरून वाहत येतं आणि दुसऱ्याच कोपऱ्यात पडतं. गाडीचंही तसंच. तेल खाली उतरतं. गाडी पळते तेव्हा वाऱ्यानं मागे जातं. म्हणून ओल जिथं सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे असेल, तिथं शोधायला लागायचं.

आता क्रम सांगतो.

एक. आधी गाडी धुवा. आपल्या काळ्या मातीचा चिखल बुडाला लिंपणासारखा बसतो. त्याखाली काय गळतंय ते देवालाही दिसत नाही. इंजिन थंड असताना ब्रशनं आणि साबणाच्या पाण्यानं घासा. वायरी, डायनामो आणि हवेचा फिल्टर फडक्यानं झाकून ठेवा. मग वाळू द्या.

दोन. रात्री गाडी सपाट जागी लावा. खाली जुनी वर्तमानपत्रं किंवा पुठ्ठा पसरा. पुठ्ठ्यावर लिहून ठेवा, 'पुढचं चाक', 'इंजिन', 'गिअरबॉक्स', 'मागचं चाक'. आता तुम्हाला लिहिता येतं, त्याचा इथं उपयोग करा. सकाळी डाग कुठल्या अक्षराजवळ पडला ते पाहा.

तीन. डाग नुसता पाहू नका. बोट लावा, वास घ्या, पाण्यात टाकून पाहा. मग हात साबणानं धुवा.

चार. डाग पडत नाही, पण ओल दिसते, अशा वेळी ती जागा स्वच्छ पुसून तोंडाला लावायची पावडर भुरभुरा. दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवा, मग बंद करा आणि बघा. जिथून तेल येतं तिथं पावडरीवर काळी रेघ उमटते. मात्र इंजिन चालू असताना पंख्याजवळ आणि पट्ट्याजवळ हात, धोतर, उपरणं, पदर काही नेऊ नका.

पाच. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधी जाऊ नका. जॅक सरकला की माणूस दबून मरतो. गाडी सपाट आणि घट्ट जमिनीवर लावा. चाकांना पुढून-मागून दगड लावा. गाडी भक्कम स्टँडवर किंवा सागवानी ओंडक्यांवर टेकवा आणि मगच आत जा. विटा ठेवू नका, विटा फुटतात.

कुठं कुठं गळतं?

इंजिनाचं तेल बहुतेक वेळा वरच्या झाकणाच्या पॅकिंगमधून, खालच्या चेंबरच्या पॅकिंगमधून, फिल्टरजवळून किंवा तेल सोडायच्या बोल्टमधून येतं. लगेच पाना घेऊन बोल्ट पिळू नका. जास्त पिळलं की बुचाचं पॅकिंग चिरतं, पत्र्याचं झाकण वाकतं, आणि गळती वाढते. बोल्ट हातानं बसवायचे, मग थोडे थोडे, समोरासमोरचे आवळायचे.

इंजिनाला श्वास घ्यायची एक नळी असते. तिला ब्रीदर म्हणतात. ती धुळीनं बुजली की इंजिनाच्या आत दाब वाढतो. तो दाब तेलाला वाट मिळेल तिथून बाहेर ढकलतो. कित्येकदा चार सील बदलूनही गळती थांबत नाही, आणि एक बुजलेली नळी साफ केली की थांबते. मागच्या आखालाही असाच एक छोटा ब्रीदर असतो. तो चिखलानं हमखास बुजतो. मग गिअर ऑइल सीलमधून बाहेर येतं आणि चाकाच्या ड्रममध्ये शिरतं. ब्रेकच्या लायनरला तेल लागलं की ब्रेक धरत नाही. एक चाक धरतं, दुसरं धरत नाही, आणि गाडी एका बाजूला ओढते. तेलात भिजलेलं लायनर धुऊन पुन्हा बसवू नका. बदला, आणि दोन्ही बाजूंचं बदला.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडले जातात, तिथून थेंब पडत असेल तर घाई करू नका. वास घ्या. गंधकाचा वास आला तर गिअरबॉक्सचं सील गेलं. काळं आणि बिनगंधकाचं असेल तर इंजिनाचं मागचं सील गेलं असावं. दोन्ही कामांना गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मजुरी तीच लागते. म्हणून एकदा उतरवला की दोन्ही सील बदलून टाका. क्लच प्लेटही पाहून घ्या.

पाणी कमी होत असेल तर रबरी पाइप, त्यांच्या क्लिपा, रेडिएटरचे सांधे आणि वॉटर पंप पाहा. पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथून पाणी टपकलं तर पंपाचं सील गेलं म्हणून समजा. ते भोक बुजवू नका. ते सांगण्यासाठीच ठेवलेलं आहे. बाहेर कुठंच ओल नाही आणि तरी पाणी कमी होतं, तर तेलाची पट्टी ओढून पाहा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी इंजिनात शिरलंय. मग गाडी चालू करू नका. ओढून गॅरेजला न्या. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधी उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर उडतं. असे भाजलेले ड्रायव्हर आम्ही पाहिले आहेत.

डिझेलची गळती दोन तऱ्हेची. पंपापुढे गळालं तर थेंब दिसतो. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत सांधा ढिला असला, तर कधी थेंब पडतच नाही. उलट हवा आत ओढली जाते. सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, मध्येच बंद पडते. तेव्हा बॅटरीला शिव्या देण्याआधी नळीचे सांधे पाहा. डिझेल असो की पेट्रोल, गळती पाहताना बिडी-काडी दूर ठेवा.

वाटेत अडकल्यावर लोक जुगाड करतात. रेडिएटर झिरपला की हळद टाकतात. टाकी झिरपली की भोकावर साबण दाबतात. आडरानात घरी पोचण्यापुरतं हे चालेल. पण हळदीनं रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजतात. मग उन्हाळ्यात इंजिन तापतं आणि पाचशे रुपयांच्या जागी वीस हजार जातात. जुगाड हा रस्त्यापुरता. घरी आलं की नीट दुरुस्ती.

ब्रेकची गळती वेगळी

आता मुख्य गोष्ट. बाकीच्या गळतीत पैसा जातो. ब्रेकच्या गळतीत माणूस जातो.

पायानं दाबलेला जोर तेलातून चाकापर्यंत पोचतो. फार जुन्या जीपमध्ये चारही चाकांना मिळून तेलाची एकच वाट असते. एका चाकाला तेल गळालं की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून आम्ही नियम केला आहे. तोच तुम्हीही करा. ब्रेकचं तेल कमी झालं तर नुसतं भरून गाडी सोडायची नाही. आधी ते कुठं गेलं, हे सापडलं पाहिजे. लायनर झिजतं तसं तेल हळूहळू थोडं खाली जातं, हे खरं. पण पंधरा दिवसांत बाटली लागते, तेव्हा ती गळतीच. चारही चाकांच्या आतली बाजू पाहा. पायाखालचा मास्टर सिलिंडर पाहा. लोखंडी नळ्या गंजल्या का, रबरी नळ्यांना चिरा पडल्या का, ते पाहा. गळती सापडून दुरुस्त होईपर्यंत गाडी हलवू नका. लग्न असो, बाजार असो.

ब्रेकमध्ये दुसरं कुठलंही तेल घालू नका. एक काका आमच्याकडे आले होते. घरात पोरानं ब्रेकच्या डब्यात इंजिन ऑइल ओतलं होतं. दोन्ही डबे सारखे दिसायचे. इंजिन ऑइलनं ब्रेकची सगळी रबरं फुगली. मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत सगळं बदलावं लागलं. डब्यावर लिहिलेलं होतं. पण वाचलं नव्हतं.

म्हणून डबा आधी वाचा. ब्रेकच्या डब्यावर 'डॉट 3' किंवा 'डॉट 4' असं असतं. गिअर ऑइलच्या डब्यावर 'ईपी 90' किंवा '80 डब्ल्यू 90' असं असतं. इंजिन ऑइलवर '20 डब्ल्यू 40' किंवा '15 डब्ल्यू 40' असं असतं. ही अक्षरं डब्यावर इंग्रजीत असतात. गुरुजींकडून फळ्यावर लिहून घ्या आणि ओळखायला शिका. तुमच्या गाडीला नेमकं कुठलं लागतं, ते कंपनीच्या पुस्तकात पाहा किंवा जाणत्या मिस्त्रीला विचारून लिहून ठेवा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. उघडी राहिलेली बाटली पुन्हा वापरू नका, आणि साधारण दोन वर्षांनी सगळंच तेल बदला.

आणि कधी उतारावर ब्रेक गेलाच, तर घाबरू नका. पाय उचलून पुन्हा पुन्हा दाबा. एकेक गिअर खाली घ्या. हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू ओढा. बहुतेक जुन्या गाड्यांत तो तेलावर चालत नाही, तारेवर किंवा सळईवर चालतो. इंजिन बंद करू नका. इंजिनच गाडीला धरून ठेवतं.

रोजची निगा

सकाळी गाडी काढण्याआधी पाच मिनिटं द्या. खाली वाकून डाग पाहा. तेलाची पट्टी पुसून पुन्हा घाला आणि पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. जास्त भरलं तरी वाईट, तेही बाहेर फेकलं जातं. रेडिएटरचं पाणी थंडपणी पाहा. ब्रेकचं तेल पाहा. जागच्या जागी ब्रेक दाबून धरा आणि सावकाश तीस आकडे मोजा. पाय हळूहळू खाली जात असेल तर गाडी काढू नका.

शाफ्टच्या जॉइंटला आणि पाट्यांच्या निपलांना नेमानं ग्रीस मारा. नवं ग्रीस आत गेलं की जुनं काळं ग्रीस बाहेर येतं. ते पुसून टाका. आपल्याकडे धूळ फार, म्हणून हवेचा फिल्टर वेळेवर साफ करा. ओढ्यातून गाडी काढली तर पुढे थोडं अंतर ब्रेक हलका दाबत जा, म्हणजे ड्रम सुकतात. पाणी आखावर आलं असेल तर गिअर ऑइल तपासा. ते दुधाळ दिसलं तर बदला. गिअर ऑइल बदलताना आधी भरायचं बूच सुटतं का पाहा, मगच सोडायचं बूच काढा. नाहीतर तेल सोडून बसाल आणि भरायला वाट मिळणार नाही. फोर व्हील चिखलातच घाला. कोरड्या डांबरी रस्त्यावर ते लावून चाललं की गिअरांवर आणि जॉइंटांवर ताण येतो.

जुनी जीप विकत घेताना देवणीचा बैल पारखता तशी पारखा. बैलाची शिंगं रंगवलेली असली तरी तुम्ही दात पाहताच ना? इंजिन नुकतंच धुऊन चकाचक केलेलं असेल तर अर्धा तास गाडी चालवून पाहा. मग खाली पुठ्ठा टाकून चहा प्या. तोवर थेंब बोलेल. कागदंही वाचा. घरगुती गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते.

सोडलेलं काळं तेल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा रानात ओतू नका. बैलाच्या जखमेला लावू नका. डब्यात साठवा आणि जुनं तेल गोळा करणाऱ्याला द्या.

थेंबांची वही

शेवटची गोष्ट वहीची.

साधारण वीस थेंबांचा एक मिलिलीटर होतो. मिनिटाला एक थेंब गळाला तर दिवसाचे 1440 थेंब. म्हणजे 72 मिलिलीटर. महिन्याला दोन लिटरच्या वर. डोळ्याला थेंब दिसतो. महिन्याचे दोन लिटर दिसत नाहीत. ते वहीत दिसतात.

म्हणून जीपमध्ये एक छोटी वही दोरीनं बांधून ठेवा. तिच्यात फार लिहायचं नाही. तारीख, किलोमीटर, काय घातलं, किती घातलं, आणि डाग कुठं होता. एवढंच. असं:

ता. 3. इंजिन ऑइल पाव लिटर. डाग इंजिनाखाली.
ता. 11. डाग नाही.
ता. 17. ब्रेक ऑइल थोडं घातलं. चाकं पाहिली नाहीत.
ता. 24. ब्रेक ऑइल पुन्हा घातलं. उजवं मागचं चाक आतून ओलं.

या चार ओळी कुणीही वाचल्या, तरी 24 तारखेला गाडी जागेवर थांबली असती. तीन-चार हातांतली गाडी असली की वही आणखी महत्त्वाची. सकाळी एक चालवतो, रात्री दुसरा. तेल एक घालतो, थेंब दुसरा पाहतो. वही सगळ्यांचं एका जागी आणते. गॅरेजला आलात की वही मिस्त्रीपुढे ठेवा. आम्हीही आता वही पाहिल्याशिवाय पाना हातात घेत नाही.

त्या जीपचं पुढे काय झालं, हे तुम्हाला विचारावंसं वाटत असेल. ती अजून चालते. चारही चाकांचे सिलिंडर, नळ्या आणि लायनर बदलले. शाफ्टजवळचं सीलही बदललं. ते काम आम्ही फुकट केलं. करायलाच हवं होतं. दादांना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या घरची सून अशाच एका रात्रीच्या वर्गात शिकली. वही तीच लिहिते. दादा गाडीखाली वाकून सांगतात, ती लिहून घेते. आता दादाही स्वतःचं नाव आणि आकडे लिहितात.

मावशींचा हात जुळला, पण थोडा वाकडा राहिला. त्या अजूनही त्याच जीपनं बाजाराला येतात. पायरीवर पाय ठेवण्याआधी दादांना विचारतात, "वही लिव्हली का रं?"

दादा म्हणतात, "लिव्हली, मावशी."

मग त्या बसतात.

मंडळी, तुमच्या घरी जीप असेल, ट्रॅक्टर असेल, नाहीतर फटफटी असेल. उद्या सकाळी तिच्याखाली वाकून पाहा, आणि वहीत पहिली ओळ लिहा. रामराम.